आबाजींचे बूट आणि कागदावरचा पाय

माझ्याकडे बुटांचे चौदा जोड आहेत. त्यांतले अकरा जुने, म्हणजे माझ्याआधी कुणाच्या तरी पायात असलेले. पुण्यात नोकरीला लागलो त्या वर्षी जुन्या बाजारात गोणपाटावर मांडलेल्या सामानात एक तपकिरी ऑक्सफर्ड दिसला. चामडं कोरडं पडलं होतं, लेस तुटलेली होती, पण तळ हाताने शिवलेला होता. तीन संध्याकाळी तो पुसला, त्याला तेल आणि मेण दिलं, घोड्याच्या केसांच्या ब्रशने घासला. चौथ्या दिवशी तो घालून ऑफिसला गेलो आणि नाद लागला तो लागलाच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर जे बनवतो ते हातात धरता येत नाही आणि दोन-तीन वर्षांत मोडीत निघतं. चांगला बूट याच्या नेमका उलट. पन्नास वर्षांनीही त्याची शिवण उसवता येते, तळ बदलता येतो आणि तो पुन्हा रस्त्याला लागतो.

प्रत्येक जोडाची नोंद मी एका तक्त्यात ठेवतो. प्रकार, चामडं, तळाची शिवण, अंदाजे वर्ष, दुरुस्त्या, आणि शेवटच्या रकान्यात बनवणारा. बाराव्या ओळीत बराच काळ असं लिहिलेलं होतं : ‘काळा डर्बी, अंदाजे १९६२, बनवणारा अज्ञात, शेलूबाजार.’

हा लेख त्या बाराव्या ओळीबद्दल आहे.

*

शेलूबाजार हे माझं गाव. वाशीम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कारंजा मागे टाकलं की मालेगावच्या आधी ते लागतं. आता गावाजवळ समृद्धी महामार्गावर चढा-उतरायची सोय झाली आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लोकांनी निदान निळ्या पाटीवर तरी हे नाव वाचलेलं असतं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो.

१९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि माझ्या आजोबांना, म्हणजे आबाजींना, अकोल्याला कारकुनाची नोकरी लागली. आमचं घर कुणब्यांचं, शेतीवालं. कचेरीत बसणारा घरातला हा पहिलाच माणूस. नोकरीसाठी दोन पांढरे सदरे शिवले गेले आणि बूट बनवून घेतले गेले. आबाजींनी ते बूट फार वापरले नाहीत असं वडील सांगतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ते कापडात गुंडाळून ठेवलेले होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी ते खाली काढले.

बूट बघून मी हरखलो. तळ बाभळीच्या सालीत कमावलेल्या जाड चामड्याचा, टाचेला लोखंडी नाल, शिवण हातची आणि एका मापाची. पेटीत बुटांखाली वहीचा एक पिवळा कागद होता. त्यावर पेन्सिलीने उजव्या पावलाची आखणी केलेली. बनवणाऱ्याने घेतलेलं माप आपल्याला सापडलं, या आनंदात मी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला.

मात्र बुटात एक दोष होता, आणि तो माझ्यातल्या इंजिनिअरला खटकत होता. ऑक्सफर्ड आणि डर्बी यांतला फरक लेसच्या जागी असतो. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या खालून शिवून बंद केलेल्या असतात. डर्बीत त्या मोकळ्या असतात, त्यामुळे पावलाच्या उंचवट्याप्रमाणे बूट थोडा उघडतो, थोडा मिटतो. आबाजींच्या डर्बीच्या पट्ट्या गरजेपेक्षा खूपच फाकलेल्या होत्या आणि लेसच्या भोकांपाशी चामडं ताणून भेगाळलं होतं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, उंची मात्र चुकलेली. इतकी सफाईदार शिवण करणारा माणूस अशी ढोबळ चूक कशी करेल, हे मला कळेना.

*

याचं उत्तर मिळालं ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण आपल्याकडे बूट ही वस्तू केवळ आवडीनिवडीची कधीच नव्हती.

बूट येण्याआधी आपल्याकडे जोडा होता, वहाणा होत्या, पायताण होतं. गावगाड्यात ते बनवायचं काम चांभाराचं आणि चामडं कमवायचं काम ढोराचं. कातडं चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात ते दिवसचे दिवस मुरवायचं. वहाणा शिवणं हा या कामाचा एक भाग झाला. शेतकऱ्याची मोट चामड्याची, बैलांचं बरंच सामान चामड्याचं. मोट फाटली की मळा वाळला. म्हणजे ज्याच्याशिवाय पाणी उपसता येत नव्हतं, त्यालाच पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, अशी व्यवस्था होती. त्याचा मोबदला वर्षाकाठी धान्याच्या रूपात मिळे, तेच बलुतं.

जोडा बनवणाऱ्याला तो पायात घालून कुठेही फिरता येईल असंही नव्हतं. वरच्या जातींच्या आळीतून जाताना अस्पृश्य मानलेल्या माणसाने वहाणा काढून हातात घ्याव्यात, ही रीत देशाच्या अनेक भागांत होती. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण वस्तूबद्दल क्वचितच वापरतो, माणसाबद्दलच वापरतो.

एकोणिसाव्या शतकात साहेबाचा बूट आला आणि या जुन्या रिवाजाला नवा फाटा फुटला. मोठ्या माणसापुढे जाताना पादत्राणं उतरवायची हा इथला शिष्टाचार. इंग्रजांनी तो स्वतःच्या सोयीने उचलला. साहेब बूट घालून बसणार आणि त्याच्यापुढे येणाऱ्या हिंदी माणसाने जोडे बाहेर काढायचे. पण कलकत्त्याचे शिकलेले तरुण इंग्रजी बूट-मोजे घालू लागले, तेव्हा पंचाईत झाली. साहेबाच्या देशात बूट उतरवणं हे आदराचं लक्षण नव्हतं. तिथे आदरासाठी टोपी काढत. मग इंग्रजी बूट घातलेल्या हिंदी माणसाला कोणता नियम लावायचा?

१८५४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने बंगालपुरतं याचं उत्तर दिलं. सरकारी आणि निमसरकारी प्रसंगी हिंदी सद्गृहस्थांनी युरोपीय पद्धतीचे बूट घातले असतील तर ते पायात ठेवायला हरकत नाही. पुढच्या वीस वर्षांत ही सवलत टप्प्याटप्प्याने इतर प्रांतांत आणि कोर्टांत पोचली. देशी जोडा मात्र दाराबाहेरच राहिला.

मधल्या काळात भांडणं झाली. आपल्या मुंबई इलाख्यातलं गाजलेलं भांडण १८६२ सालचं, सुरतेचं. माणेकजी कावसजी एंटी हे पारशी गृहस्थ तिथल्या फौजदारी अदालतीत असेसर होते. बूट काढून आत या, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्यांनी नकार दिला. न्यायदानाला मदत करायला बोलावलेल्या माणसाने न्यायालयात अनवाणी का बसावं, असा तो प्रश्न होता. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलं. इतिहासकार के. एन. पणिक्कर यांनी या सगळ्या वादावर एक सविस्तर निबंध लिहिला आहे.

हे वाचताना मला माझ्या कपाटातल्या जोडांकडे बघून पहिल्यांदा वेगळं वाटलं. बुटांच्या शौकिनांच्या गप्पा चामड्याचा पोत, टोकाचा आकार, पॉलिशची चमक अशा असतात. पण आपल्या पणजोबांच्या पिढीला इंग्रजी बूट हवासा वाटला तो केवळ दिसण्यासाठी नव्हे. तो पायात असला की काही दारांतून तो न काढता आत जाता येत होतं. तो एक परवानाच होता.

*

हा परवाना सगळ्यांना सारखा चालत नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला लहानगा भीमराव भावासोबत आणि भाच्यासोबत साताऱ्याहून आगगाडीने निघाला. प्रवासासाठी नव्या वस्तू घेतल्या होत्या : विलायती धाटणीचे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरं आणि नवे बूट. मसूर स्टेशनवर मुलं उतरली. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ती ब्राह्मणांची असावीत असं स्टेशनमास्तरला वाटलं आणि तो आपुलकीने चौकशी करू लागला. भीमरावाने जात सांगितली, आणि त्याचा चेहरा क्षणात बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं मिळत असूनही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बरोबर चालणार, असं ठरलं. रात्रभर कुठे प्यायला पाणी मिळालं नाही.

ज्या बुटांनी माणेकजींना कोर्टात उभं राहायचं बळ दिलं, तसलेच नवे बूट मसूरच्या फलाटावर एका प्रश्नासरशी निकामी झाले.

दुसरं उदाहरण खुद्द चर्मकार समाजातलं. पळवणकर बाळू हे हिंदुस्थानचे पहिले मोठे गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यावर ते खेळपट्टीची निगा राखत आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करत. पुढे ते हिंदूंच्या संघातून खेळले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मैदानावर त्यांच्या हातातला चामड्याचा चेंडू सगळे झेलत होते. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर उभं करून मातीच्या भांड्यात चहा देत. म्हणजे चामडं चालत होतं, त्याला लागलेला हातही खेळापुरता चालत होता. विटाळ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ज्याच्या-त्याच्या सोयीने ठरत होतं.

त्याच काळात बूट बनवणंही गावाबाहेर सरकत होतं. लष्कराला बूट आणि घोड्यांचं सामान लागे. त्यासाठी १८६० च्या दशकात कानपूरला सरकारी कारखाना निघाला. मुंबईत धारावीत आदमजी पीरभॉय यांची टॅनरी १८८७ मध्ये उभी राहिली. १९३१ मध्ये कलकत्त्याजवळ कोन्नगरला बाटाने काम सुरू केलं आणि १९३४ पासून बाटानगर वसू लागलं. बाटा ही मूळची झ्लिन या चेक गावातली कंपनी, पण माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कित्येकांना ती देशीच वाटत आली आहे.

बाटाने बूट स्वस्त केला हे सगळेच सांगतात. मला दुसरा बदल जास्त मोठा वाटतो. पाय एक आकडा झाला. सात नंबर, आठ नंबर. दुकानातला मुलगा ठेंगण्या स्टुलावर बसून तुमचा पाय हातात घेतो, पट्टीवर ठेवतो, शिंगाने टाच आत सरकवतो, आणि त्याची जात कोणी विचारत नाही. गावात हे असं होत नव्हतं. गावात पाय कसा मोजत, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

*

गेल्या मे महिन्यात मी आबाजींचे बूट आणि तो कागद घेऊन शेलूबाजारच्या चौकातल्या चर्मकार काकांकडे गेलो. सत्तरीच्या आसपासचे आहेत. रापी, आरी, पाण्याची कुंडी, लोखंडी तिवई, आणि आता चिकटवायचं सोल्यूशन आणि चायना मेड चेनचे गठ्ठे. मला टाचेचे नाल बदलून हवे होते आणि एक उसवलेली शिवण टाकून हवी होती. त्यांनी बूट उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हे माह्या बापाच्या हातचे आहेत.”

शिवण ओळखीची आहे म्हणाले. त्यांचे वडील चार वर्षं अमरावतीला एका बूटवाल्याकडे राबले होते. तिथे बूट शिकले आणि गावात परत आले. आजूबाजूच्या गावांतून मास्तर, पाटील, कारकून त्यांच्याकडून बूट करून घेत.

मी मोठ्या उत्साहाने कागद पुढे केला. म्हटलं, काका, हे तुमच्या वडिलांनी घेतलेलं माप.

त्यांनी कागद हातात घेतलाच नाही. नुसता पाहिला. “हे त्यायच्या हातचं नाही जी. हे तुमच्या घरचं काम आहे. बाप आंगणात उभा राहे. घरातले कागदावर पाय ठिवून पेन्सिल फिरवत अन् कागद ओट्यावरून खाली टाकत. पायाले हात लावाचा नाही, अशी रीत होती.”

मी काही बोललो नाही. मग त्यांनीच बुटाच्या फाकलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. “हे वरतून लागत असतीन. बाप म्हणे, फरम्यावर चामड्याचा तुकडा ठोकतो अन् उंची वाढवतो. पण किती वाढवाची, ते हात लावल्याबिगर कसं कळन?”

त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. नीट बूट करायचा तर पावलाची आखणी ही फक्त सुरुवात असते. पंजाचा घेर, पावलाच्या मधल्या भागाचा घेर, वरच्या उंचवट्याचा घेर, टाचेपासून उंचवट्यावरून फिरवलेला घेर, ही मापं फीत गुंडाळून घ्यावी लागतात. हाडं कुठे टोचतात ते बोटांनी चाचपावं लागतं. त्या हिशेबाने लाकडी फर्मा, ज्याला जुन्या मराठीत कलबूत म्हणत, वाढवावा लागतो. कागदावरच्या पायाला लांबी असते, रुंदी असते, उंची नसते. ज्या दोषाला मी कारागिराची चूक समजत होतो ती त्याची चूक नव्हती. त्याला तिसरं माप घेऊच दिलं नव्हतं. आमच्या ओट्याने ते अडवलं होतं, आणि त्याची शिक्षा आबाजींच्या पायांनी भोगली.

देशाची राज्यघटना तेव्हा बारा वर्षांची होती. अस्पृश्यता सतराव्या कलमाने संपवली होती आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं होतं. आबाजींना तर लोकशाही विकेंद्रीकरणाच्या नव्या कचेरीत नोकरी लागलेली होती. त्या कचेरीत घालून जायचे बूट असे मापले गेले होते.

घरी येऊन आजीला विचारलं. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. कागद दाखवल्यावर तिचा चेहरा खुलला. “मीच फिरवली होती पेन्सिल. तुह्या आबाजीले इतक्या गुदगुल्या होत, पाय हालवत होते अन् माह्यावर रागावत होते.” लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याच्या पायाला दिवसाउजेडी सगळ्यांसमोर हात लावायची ती बहुधा पहिलीच वेळ. मी अंगणात उभ्या असलेल्या माणसाबद्दल विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “होता ना. उन्हात होता.” मग म्हणाली, “तवा असंच होतं बाप्पा.”

एकाच कागदावर तिची सगळ्यात गोड आठवण आणि काकांच्या वडिलांचं उन्हात उभं राहणं, दोन्ही आहे. यातलं एक पुसून दुसरं ठेवायची सोय मला तरी दिसत नाही.

*

हे सगळं जुनं झालं असं म्हणायचा मोह होतो. म्हणून एक तारीख नोंदवतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून, सायकल-मोटरसायकलवर बसण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून रोखणं, हे गुन्हे त्यात शब्द वापरून लिहिले आहेत. पादत्राणं हा शब्द एकविसाव्या शतकातल्या कायद्यात घालावा लागला, कारण तशा घटना घडत होत्या.

त्यानंतर मी आणखी दोनदा काकांकडे गेलो. एकदा म्हटलं, माझ्यासाठी एक नवा जोड कराल का? ते हसले. वडिलांचे फर्मे पावसात भिजून गेले, उरलेले चुलीत गेले. त्यांनी स्वतः नवा बूट शेवटचा कधी बांधला ते त्यांना आठवत नाही. मुलगा पुण्यात गोदामात काम करतो आणि त्याने या तिवईसमोर बसू नये असंच त्यांना वाटतं. ‘कला मरते आहे’ असली हळहळ मी त्यांच्यासमोर व्यक्त केली नाही. जुन्या बुटांच्या शौकिनाला ती हळहळ करायला काही लागत नाही. ज्याच्या बापाने ती कला अंगणात उभं राहून केली, त्याने ती सोडावी की धरावी हे त्याचं त्याने ठरवायचं.

नाल बसवून झाल्यावर त्यांनी मला आबाजींचे बूट तिथेच घालून पाहायला सांगितले. माझा पाय आबाजींवर गेला आहे, उंचवटासुद्धा तसाच. बूट वरून दाबत होते. काका पुढे सरकले, एका हाताने माझी टाच धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा पावलाच्या उंचवट्यावर दाबत नेला आणि म्हणाले, “इथं. अर्धा इंच पायजे होता.” मग लेसची वरची दोन भोकं मोकळी सोडून त्यांनी त्या बांधून दिल्या. मी पैसे विचारले. त्यांनी ऐंशी सांगितले आणि ऐंशीच घेतले.

ते बूट मी ऑफिसला घालत नाही. महिन्यातून एकदा पुसतो, मेण लावतो, आत लाकडी साचे घालून ठेवतो. भेगांवर मलम चोळतो, पण त्या बुजवत नाही. पिवळा कागद प्लास्टिकमधून काढून पुन्हा बुटांबरोबरच ठेवला आहे.

तक्त्याची बारावी ओळ बदलली. ‘दोष : उंची अर्धा इंच कमी. कारण : माप घेऊ दिलं नाही.’ आणि शेवटच्या रकान्यात ‘अज्ञात’ हा शब्द खोडून काकांनी सांगितलेलं त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. ते इथे छापू का, असं मी विचारलं होतं. “नको,” ते म्हणाले. “तुमच्या वहीत लिहा, बस झालं.”